जुन्या वाहनांचा लिलाव

जुन्या वाहनांचा लिलाव म्हणजे पूर्वी वापरात असलेली मोटारगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर, मालमोटार किंवा अन्य वाहन जाहीर बोलीद्वारे सर्वाधिक किंमत देणाऱ्यास विकण्याची पद्धत होय. भारतात असे लिलाव मुख्यतः बँका व वित्तसंस्था, पोलीस, महसूल, वन व परिवहन विभाग, न्यायालये आणि सार्वजनिक उपक्रम यांच्याकडून होतात. लिलावातील किंमत बाजारभावापेक्षा बहुधा कमी असते. मात्र वाहन 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विकले जात असल्याने त्यातील दोषांची जबाबदारी खरेदीदारावर येते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील पद्धतीचा, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका व शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याच्या संदर्भात, विचार केला आहे.

शब्द व संज्ञा

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. विदर्भ व मराठवाड्यात याच अर्थाने 'हर्रास' हा शब्दही रूढ आहे. खरेदीदाराने जाहीर केलेल्या किमतीस 'बोली' म्हणतात. ज्या किमतीखाली विक्रेता माल देण्यास बांधील नसतो, तिला 'राखीव किंमत' किंवा शासकीय व्यवहारात 'हातची किंमत' असे म्हणतात. बोलीत भाग घेण्यापूर्वी भरावयाच्या रकमेला 'बयाणा' किंवा 'अनामत रक्कम' म्हणतात. बोली न लागल्यास ती परत मिळते. बोली लागूनही उर्वरित रक्कम मुदतीत न भरल्यास ती जप्त होते.

जागतिक पार्श्वभूमी

जुन्या मोटारींचा संघटित लिलाव दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वाढीस लागला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॅनहाइम या गावी १९४५ साली सुरू झालेला लिलाव पुढे जगातील मोठ्या वाहन लिलाव कंपन्यांपैकी एक झाला. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कार ऑक्शन्स ही संस्था १९४६ पासून कार्यरत आहे. जपानमध्ये प्रत्येक वाहनाची तज्ज्ञाकडून तपासणी करून त्याची श्रेणी व दोष 'लिलाव पत्रका'वर नोंदवण्याची पद्धत रुजली. त्यामुळे वाहन प्रत्यक्ष न पाहताही परदेशातील खरेदीदार बोली लावू शकतात. भारतातील शासकीय लिलावात असे श्रेणीपत्रक सहसा नसते. हा फरक येथील खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

कायदेशीर आधार

लिलावाने होणाऱ्या विक्रीचे सर्वसाधारण नियम मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये आहेत. त्यानुसार प्रत्येक गट हा स्वतंत्र कराराचा विषय मानला जातो. हातोडा पडून किंवा रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली लावणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला किंवा त्याच्या वतीने कोणालाही बोली लावता येत नाही. किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली असल्यास खरेदीदार ती विक्री रद्द ठरवून घेऊ शकतो.

वाहनाची मालकी आणि नोंदणी या बाबी मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार चालतात. याशिवाय वाहन ज्या कारणाने ताब्यात घेतले गेले, त्या कारणास लागू असलेला कायदा स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो.

लिलावात येणारी वाहने

कर्जथकीत वाहने: कर्ज काढून घेतलेल्या वाहनाच्या नोंदणी पुस्तकावर वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. हप्ते थकल्यास वित्तसंस्था वाहन ताब्यात घेऊन विकते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कारवाई झाल्यास, जंगम मालमत्ता विकण्यापूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाच्या तारणाला हा कायदा लागू नाही. बिगर-बँकिंग वित्तसंस्थांना तो वीस लाख रुपये व त्यावरील कर्जांपुरताच वापरता येतो. म्हणून अशा संस्थांनी दिलेल्या बहुतेक वाहनकर्जांची वसुली कर्जकरारातील अटींनुसार होते. वाहन ताब्यात घेण्यापूर्वीची नोटीस, विक्रीपूर्वी रक्कम भरण्याची अखेरची संधी आणि विक्रीची पद्धत यांविषयीच्या तरतुदी करारात असल्या पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. वसुलीसाठी बळाचा वापर करणे बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात स्पष्ट केले.

पोलिसांच्या ताब्यातील वाहने: अपघात, चोरी किंवा अन्य गुन्ह्यांत जप्त झालेली आणि बेवारस सापडलेली वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात उभी असतात. अशी वाहने वर्षानुवर्षे ठाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे व पंचनामा करून ती मालकाला द्यावीत किंवा दावेदार नसल्यास त्यांचा लिलाव करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गुजरातमधील एका प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या मालमत्तेचे विवरण १४ दिवसांत तयार करण्याची आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश देण्याची तरतूद आहे.

वनगुन्ह्यातील वाहने: अवैध वनोपज वाहून नेणारे वाहन भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ खाली जप्त करता येते. महाराष्ट्राने या अधिनियमात समाविष्ट केलेल्या कलम ६१-अ व पुढील कलमांनुसार प्राधिकृत वनाधिकारी वाहन सरकारजमा करू शकतो. तत्पूर्वी मालकास कारणे दाखवा नोटीस देणे आवश्यक असते. वाहनाचा वापर आपल्या नकळत झाला आणि आपण वाजवी खबरदारी घेतली होती, असे मालकाने सिद्ध केल्यास वाहन सरकारजमा होत नाही. आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार शिकारीसारख्या गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन शासनाची मालमत्ता ठरते.

गौण खनिज प्रकरणातील वाहने: वाळू, मुरूम किंवा गिट्टी यांची विनापरवाना वाहतूक करणारे ट्रॅक्टर व टिप्पर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली जप्त होतात. दंड भरून व बंधपत्र देऊन ते सोडवता येतात. दंड न भरल्यास ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते आणि वाहनाचा लिलाव तहसील कार्यालयामार्फत होतो. त्यासाठी वाहनाचे मूल्यांकन परिवहन कार्यालयाकडून करून घेतले जाते.

करथकीत वाहने: मोटार वाहन कर न भरलेली व तपासणीत अटकावून ठेवलेली वाहने परिवहन कार्यालये जाहीर लिलावाने विकतात. लिलावाच्या क्षणापर्यंत थकीत कर व दंड भरून वाहन सोडवून घेण्याची संधी मूळ मालकाला सामान्यतः दिली जाते.

शासकीय व सार्वजनिक उपक्रमांची वाहने: निरुपयोगी ठरवलेली वाहने एमएसटीसी लिमिटेडच्या संकेतस्थळावरून विकली जातात. १९६४ साली स्थापन झालेला हा उपक्रम केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय कोलकाता येथे आहे. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय मालकीच्या, १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. अशी वाहने नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्रांकडेच जातात. त्यामुळे पूर्वीप्रमाणे जुनी सरकारी जीप लिलावात घेऊन दुरुस्तीनंतर चालवणे आता शक्य राहिलेले नाही.

चंद्रपूर–गडचिरोली परिसर

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेलगतचा तालुका आहे. चुनखडीच्या साठ्यांमुळे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि नारंडा येथे सिमेंट कारखाने उभे राहिले. कारखाने व लगतच्या कोळसा खाणी यांमुळे मालवाहतूक मोठी असून टिप्पर, मालमोटारी व छोटी मालवाहू वाहने कर्जावर घेण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. ग्रामीण भागात कापूस व अन्य शेतमालासाठी ट्रॅक्टर वापरले जातात. सिमेंट किंवा कोळसा वाहतुकीचे काम थांबले, अथवा पीक गेले, की हप्ते थकतात. परिसरातून लिलावात जाणाऱ्या वाहनांचे हे एक प्रमुख कारण असते.

लिलाव ही संकल्पना या वनप्रदेशात नवीन नाही. बल्लारपूर व आलापल्ली येथील सागवान, तेंदूपत्ता आणि वाळूघाट यांचे लिलाव येथील अर्थव्यवहाराचा जुना भाग आहेत. कोरपना तालुक्याचे वनक्षेत्र मध्य चांदा वन विभागात येते.

दारूबंदीचाही वाहन जप्तीशी निकटचा संबंध राहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती उठवण्याचा निर्णय घेतला. या काळात यवतमाळ, नागपूर तसेच तेलंगणातून होणाऱ्या अवैध वाहतुकीत अनेक दुचाकी व मोटारी पकडल्या गेल्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली अशी वाहने न्यायालयाच्या आदेशाने सरकारजमा होऊ शकतात. बंदी उठली तरी तिच्या काळात दाखल झालेले खटले आपोआप संपत नाहीत. त्यामुळे त्यांतील वाहनांची विल्हेवाट न्यायालयीन आदेशावर अवलंबून राहते.

चंद्रपूर जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-३४, गडचिरोलीचा एमएच-३३ आणि यवतमाळचा एमएच-२९ आहे. सीमाभागात तेलंगणातील टीएस व टीजी आणि जुन्या आंध्र प्रदेशातील एपी क्रमांकाची वाहनेही विक्रीस येतात. परराज्यातील वाहनासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ महाराष्ट्रात ठेवावयाचे असल्यास नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व राज्याचा मोटार वाहन करही भरावा लागतो. केवळ बोलीची रक्कम पाहून परराज्यातील वाहन स्वस्त समजणे म्हणूनच फसवे ठरू शकते.

लिलावाची प्रक्रिया

लिलावाची जाहीर सूचना वृत्तपत्रात, कार्यालयाच्या सूचना फलकावर किंवा संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. तीत वाहनांची यादी, उभे असलेले ठिकाण, पाहणीची तारीख, राखीव किंमत, बयाणा रक्कम व अटी दिलेल्या असतात. प्रत्यक्ष लिलावात इच्छुकांना ओळखपत्र व बयाण्याचा धनाकर्ष सादर करावा लागतो. ई-लिलावात आधी नावनोंदणी, पॅन व बँक खात्याची पडताळणी आणि ऑनलाइन बयाणा भरणे ही कामे पूर्ण करावी लागतात.

ई-लिलावात प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा ठरावीक रकमेने अधिक असावी लागते. अखेरच्या काही मिनिटांत नवी बोली आल्यास मुदत आपोआप वाढते. सर्वाधिक बोली लावली म्हणजे विक्री निश्चित झाली, असे दर वेळी होत नाही. अनेक लिलावांत ती सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या अधीन असते. मंजुरीनंतर उर्वरित रक्कम दिलेल्या मुदतीत भरल्यावर 'सुपूर्दगी आदेश' मिळतो. त्यानंतर ठरलेल्या दिवसांत वाहन न उचलल्यास जागाभाडे आकारले जाते.

वाहन एकेकटे विकले जाते किंवा अनेक वाहनांचा एकच गट केला जातो. गटाने विकलेली वाहने बहुधा मोडीसाठी असतात. सूचनेत 'भंगार' असा उल्लेख असेल, तर ते वाहन पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी विकलेले नसते.

वाहनाची पाहणी

लिलावातील वाहन बहुतेक वेळा चालवून पाहता येत नाही. बॅटरी उतरलेली किंवा काढलेली असते, आणि कित्येकदा किल्लीही उपलब्ध नसते. त्यामुळे पाहणीत पुढील बाबींना महत्त्व दिले जाते:

• चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात का, आणि क्रमांकावर खाडाखोड किंवा घासल्याच्या खुणा आहेत का;
• चासी वाकलेली किंवा जोडलेली आहे का;
• पुराच्या पाण्याच्या खुणा, आसनांखालील गंज व वायरिंगची स्थिती;
• उघड्यावर दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनाचे टायर, रबरी नळ्या व इंधन टाकी;
• इंजिन तेलाचा रंग व पातळी, तसेच धुळीच्या भागात चाललेल्या वाहनाचा हवा गाळक.

कागदपत्रांची पडताळणी केंद्र शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर करता येते. तेथे नोंदणीची मुदत, विमा, योग्यता प्रमाणपत्र, कर व वित्तसंस्थेचा बोजा यांची माहिती मिळते. वाहतूक पोलिसांची थकीत ई-चलाने स्वतंत्रपणे तपासावी लागतात. वाहन चोरीचे आहे किंवा काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सुविधेवरून पाहता येते.

मालकीचे हस्तांतर

लिलावात वाहन मिळणे आणि ते नावावर होणे या दोन भिन्न पायऱ्या आहेत. केंद्र किंवा राज्य शासनाने अथवा त्यांच्या वतीने केलेल्या लिलावातील वाहनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५७ लागू होतो. त्यानुसार खरेदीदाराने वाहन ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करावयाचा असतो. अर्जासोबत शुल्क, नोंदणी व विम्याची प्रमाणपत्रे, विक्री कायम झाल्याचा आदेश आणि लिलावास मंजुरी देणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. वाहनाला नोंदणी क्रमांक नसल्यास किंवा तो खोटा आढळल्यास, लिलाव करणाऱ्या विभागाच्या नावे आधी नवा क्रमांक दिला जातो व नंतर खरेदीदाराच्या नावे हस्तांतराची नोंद होते.

वित्तसंस्थेने विकलेल्या वाहनाची रीत वेगळी आहे. कर्जदार नोंदणी पुस्तक देण्यास नकार देत असेल किंवा फरार असेल, तर अधिनियमाच्या कलम ५१ नुसार वित्तसंस्था नमुना ३६ मध्ये अर्ज करून स्वतःच्या नावे नवे नोंदणी प्रमाणपत्र मिळवू शकते. नोंदणी अधिकारी त्यापूर्वी मूळ मालकास म्हणणे मांडण्याची संधी देतो. त्यानंतर नमुना २९ व ३० द्वारे वाहन खरेदीदाराच्या नावे होते. बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आवश्यक असतो. विमा हस्तांतरासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा, अशी कलम १५७ ची तरतूद आहे.

हस्तांतर अपुरे राहण्याचे परिणाम गंभीर असतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, वाहन प्रत्यक्षात विकले गेले असले तरी नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे, तोच अपघात भरपाईसाठी मालक समजला जातो. त्या प्रकरणातील मोटार विक्रीनंतर अनेकांच्या हाती गेली होती, तरी दायित्व नोंदणीकृत मालकावर आले. म्हणून हस्तांतर पूर्ण होण्यात खरेदीदाराइतकाच मूळ मालकाचाही हितसंबंध असतो.

कर व एकूण खर्च

जानेवारी २०२५ पासून वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या जुन्या मोटारींवर १८ टक्के दराने कर आकारला जातो. तो पूर्ण किमतीवर नसून विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर असतो. नोंदणी नसलेल्या कर्जदाराकडून ताब्यात घेतलेल्या वाहनाचे खरेदीमूल्य ठरवताना, कर्जदाराच्या मूळ खरेदी किमतीतून प्रत्येक तिमाहीसाठी पाच टक्के वजा केले जातात. उदाहरणार्थ, ६,००,००० रुपयांना घेतलेली मोटार आठ तिमाहींनंतर विकल्यास तिचे खरेदीमूल्य ३,६०,००० रुपये धरले जाईल. ती लिलावात ४,००,००० रुपयांना गेल्यास ४०,००० रुपयांच्या फरकावर ७,२०० रुपये कर होईल. ती ३,००,००० रुपयांना गेल्यास फरक उरत नसल्याने कर लागणार नाही.

बोलीच्या रकमेखेरीज थकीत मोटार वाहन कर, पर्यावरण कर, नवा विमा, योग्यता प्रमाणपत्र, उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, वाहन ओढून नेण्याचा खर्च व दुरुस्ती यांचाही हिशेब करावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते व त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. थकीत कर कोणी भरावयाचा, हे लिलावाच्या अटींवरून ठरते.

मूळ मालकाचे हक्क

लिलावाने मूळ मालकाचे सर्व हक्क संपुष्टात येत नाहीत. सरफेसी कायद्याखालील विक्रीत वसुलीचा खर्च व कर्ज फिटल्यावर उरलेली रक्कम हक्कदार व्यक्तीस, म्हणजे सामान्यतः कर्जदारास, परत द्यावी लागते. उलट, विक्रीची रक्कम अपुरी पडल्यास उर्वरित कर्ज कर्जदाराच्या नावे कायम राहते. म्हणजे ट्रॅक्टर गेल्यावरही त्याच्या कर्जाचा काही भाग शेतकऱ्याकडे बाकी राहू शकतो. वाहन किती किमतीला विकले गेले, याचा हिशेब मागणे म्हणूनच कर्जदाराच्या हिताचे असते. वाजवीपेक्षा फार कमी किमतीस किंवा नोटीस न देता झालेली विक्री त्याला योग्य प्राधिकरणापुढे आव्हान देऊन तपासून घेता येते.

खरेदीदाराच्या बाजूने पाहता, आव्हान प्रलंबित असलेल्या वाहनाचे हस्तांतर रखडू शकते. जप्तीचा किंवा सरकारजमा करण्याचा आदेश अंतिम झाला आहे का, त्यावर अपील आहे का आणि विक्री करणाऱ्या अधिकाऱ्यास तसा अधिकार आहे का, या तीन बाबींवर अशा खरेदीची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून असते.

मध्यस्थ व खासगी लिलाव

वित्तसंस्थांची वाहने खासगी लिलाव कंपन्यांच्या आवारांतून व संकेतस्थळांवरूनही विकली जातात. अशा लिलावांत व्यावसायिक खरेदीदारांची संख्या मोठी असते. ते वाहन दुरुस्त करून तालुक्याच्या बाजारात पुन्हा विकतात. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. वाहन व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना मूळ मालकाने दिल्यावर त्या वाहनाची जबाबदारी व्यापाऱ्याकडे जाते. चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन व तपासणी यांखेरीज अन्य कारणासाठी ते वाहन रस्त्यावर चालवण्यास व्यापाऱ्याला मनाई आहे.

हेही पहा

• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६
• भारतीय वन अधिनियम, १९२७
• कोरपना तालुका
• चंद्रपूर जिल्हा